स्टेशनचं माप फाटकाबाहेर घ्यावं

(बडोद्यात मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. स्टेशनच्या पुनर्विकासावर बोलायचं म्हटल्यावर पडद्यावर चित्रं दिसतील अशी तुमची अपेक्षा असणार. काचेची इमारत, गच्चीवर झाडं, खाली मोकळा रस्ता आणि त्यावर दोन-चार चकचकीत मोटारी. मी ती आणलेली नाहीत. या चित्रांमध्ये एक गोष्ट मला नेहमी खटकते: रिक्षा कुठेच नसते. स्टेशनसमोरच्या सयाजीगंजात रिक्षा नाहीत असं दृश्य कडक बंदच्या दिवशीच दिसायचं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. नव्या स्टेशनचा शहराच्या रहदारीवर काय परिणाम होईल हे पाहायचं असेल तर टेप घेऊन फाटकाबाहेर उभं राहावं लागतं. आत किती चौरस मीटर बांधलं, किती सरकते जिने बसवले, हे रेल्वे मोजतेच. घरातून निघालेला माणूस डब्यात बसेपर्यंत त्याचा किती वेळ गेला, किती धक्के खाल्ले, रस्ता किती वेळा जीव मुठीत धरून ओलांडला, याचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो. मी ज्याला वाहतूक परिणामांचा अभ्यास म्हणतो तो या वहीपासून सुरू होतो.

आधी सरासरीचा भ्रम दूर करू. समजा एका स्टेशनात दिवसाला एक लाख माणसं ये-जा करतात. दिवसाची मिनिटं 1440. भागाकार केला की मिनिटाला सत्तर माणसं येतात. आता जिना घ्या. दोन्ही दिशांना वर्दळ असलेल्या जिन्यावरून रुंदीच्या प्रत्येक मीटरमागे मिनिटाला साधारण 28 माणसं नीट जातात, असं नियोजनात धरतात. तीन मीटरचा जिना असेल तर 84 झाली. म्हणजे सरासरीच्या हिशेबाने तीन मीटरचा एकच जिना अख्ख्या स्टेशनला पुरला की! कागदावर पुरतो. पण सकाळी अपडाऊनवाल्यांची, म्हणजे रोज कामाला ये-जा करणाऱ्यांची मेमू (जवळच्या गावांची लोकल गाडी) लागते आणि सहाशे माणसं एकदम उतरतात. त्या 84 च्या हिशेबाने शेवटचा माणूस वर पोचायला सात मिनिटं लागतात. पलीकडच्या फलाटावर त्याच वेळी दुसरी गाडी आली, तिच्यातून तेवढेच लोक उतरून याच पुलावर आले, की चौदा मिनिटं. हातात बॅगा, कडेवर मूल, मध्येच एखादे आजोबा थांबलेले, हे अजून धरलेलंच नाही. लग्नाच्या जेवणाची जागा दिवसभरात किती माणसं जेवली यावरून ठरवत नाहीत, एका पंगतीला किती बसणार यावरून ठरवतात. स्टेशनचंही तसंच. सगळ्यात वाईट पंधरा मिनिटं कुठली ते आधी शोधायचं आणि जिने, पूल, दारं त्यांना पुरतात का ते बघायचं.

हा हिशेब चुकला की काय होतं ते आपण मुंबईत पाहिलंय. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसं गेली. पाऊस होता, लोक पुलावर थांबून राहिले, मागून गाड्यांमधले लोक येतच राहिले. पण मूळ गोष्ट त्या सकाळची नव्हे. परळ-लोअर परळच्या गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी कचेऱ्यांचे टॉवर आले. टॉवरला परवानगी देताना त्यात काम करणारी माणसं कुठल्या पुलावरून येणार हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही. जमिनीचा पुनर्विकास झाला आणि पूल तेवढाच राहिला. पुढे लष्कराने काही महिन्यांत तिथे नवा पूल उभा केला. म्हणजे पूल बांधणं अवघड नव्हतं.

आता मोजणीतली दुसरी गंमत सांगतो. गंमत म्हणतो, पण आहे ती कुचेष्टाच. रस्त्याची क्षमता काढायला इंडियन रोड्स काँग्रेसचं एक कोष्टक वापरतात. शहरी रस्त्यांसाठीचं हे कोष्टक 1990 चं आहे. एक मोटार रस्त्यात जेवढी अडचण करते ती त्यात 1 धरतात. बाकीची वाहनं तिच्या पटीत: रहदारीत त्या-त्या वाहनाचं प्रमाण कमी असेल तेव्हा दुचाकी 0.5, रिक्षा 1.2, बस 2.2. आता बसमध्ये पन्नास माणसं आणि मोटारीत एक साहेब. कोष्टकाच्या नजरेला बस ही दोन साहेबांपेक्षा थोडी जास्त अडचण! आणि पायी चालणारा? त्याला यात आकडाच नाही, कारण तो वाहन नाही. अभियंत्यांना दोष देत नाही, कोष्टक रस्त्यासाठी केलेलं आहे आणि त्या कामाला ते ठीक आहे. पण स्टेशनच्या दारात ते एकटंच वापरलं की उत्तर ठरलेलं येतं: रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा, पार्किंग वाढवा. पार्किंग वाढलं की मोटारी वाढतात, आणि पाच वर्षांनी तोच अहवाल नव्या मुखपृष्ठासह येतो.

आपल्या बडोद्याच्या स्टेशनकडे येऊ. 1861 मध्ये बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेची गाडी बडोद्याला पोचली तेव्हा स्टेशन गावाबाहेर होतं. आज ते गावाच्या पोटात आहे आणि रुळांनी शहराचे दोन भाग केलेत. पूर्वेला सयाजीगंज, युनिव्हर्सिटी, एस.टी.चा डेपो, काळा घोडा. पश्चिमेला अलकापुरी. दोन्हींना जोडणारं आपलं लाडकं गरनाळं, म्हणजे रुळांखालून जाणारा रस्ता. पावसाळ्यात दोन तास जोराचा पाऊस झाला की गरनाळ्यात पाणी भरतं, ते बंद होतं आणि सगळी रहदारी जेतलपूर पूल नाहीतर पंड्या पुलाकडे वळते. म्हणजे स्टेशनच्या एका दारातून दुसऱ्या दारात जायला गाडीने मैलभराची प्रदक्षिणा. कुठल्याही परिणाम-अभ्यासात पावसाळ्याचा दिवस वेगळा धरायला हवा, तो इथे बडोद्यात तर सक्तीचा आहे. कोरड्या मंगळवारी केलेली मोजणी मला कोणी दाखवली की मी पहिल्यांदा विचारतो, ऑगस्टमधला आकडा कुठे आहे?

अलकापुरीच्या बाजूचा मोठा रस्ता आर. सी. दत्त रोड. रमेशचंद्र दत्त बडोद्याचे दिवाण होते, 1909 मध्ये इथेच वारले. ब्रिटिशांनी रेल्वेवर पैसा ओतला आणि पाटबंधाऱ्यांकडे दुर्लक्ष केलं ही त्यांची मोठी तक्रार होती. त्यांचं नाव स्टेशनच्या रस्त्याला मिळालं, यावर ते काय म्हणाले असते कोण जाणे.

याच बाजूला बुलेट ट्रेनचं स्टेशन उभं राहतंय, 7 नंबरच्या प्लॅटफॉर्मच्या ठिकाणी, वडाच्या झाडावरून घेतलेल्या आकाराचं. मुंबई ते साबरमती 508 किलोमीटर, 12 स्टेशनं, त्यातलं एक आपलं. मला त्याचं कौतुक आहे. पण विचार करा, तिचा प्रवासी कोण असेल? हातात एक बॅग, वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं आधी येणार, टॅक्सीने नाहीतर घरच्या गाडीने येणार, आणि बराचसा अलकापुरीच्या दारातून येणार. तिथले रस्ते बंगल्यांसाठी आखलेले. अपडाऊनवाला मात्र सयाजीगंजातच उतरेल, कारण त्याची शटल (शेअर) रिक्षा, सिटी बस आणि एस.टी. तिकडे आहे. एका स्टेशनचे दोन स्वभाव होणार. म्हणून दोन दारांची मोजणी वेगवेगळी हवी. बेरीज करून ‘स्टेशनची एकूण क्षमता पुरेशी आहे’ असं लिहिलं की दोन्हीकडचे हाल झाकले जातात.

दारातल्या कडेचा हिशेब तर फारच कमी लोक करतात. एका मोटारीला थांबायला सहाएक मीटर जागा लागते. सोडायला आलेला तीन मिनिटं थांबतो असं धरा, तर त्या जागेवर तासाला वीस मोटारी येऊन जातात. घ्यायला आलेला मात्र दहा मिनिटं थांबतो, कारण गाडी ‘थोडीशी’ लेट आहे. त्याच जागेवर आता सहाच मोटारी. गाडी उशिरा आली की स्टेशनच्या दाराची क्षमता तिसऱ्या हिश्शाहून खाली येते, आणि ही गोष्ट फलाटावरच्या कोणालाच दिसत नाही. उपाय साधा आहे: सोडणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची जागा वेगळी, घेणाऱ्यांना आत थोडं लांब थांबायला लावायचं. रिक्षाची रांग एकेरी, पुढून भरणारी. हे विटा-सिमेंटचं काम नाही, त्यामुळे कदाचित कोणाला त्यात रस नसतो.

पैशाचाही भाग आहे. नव्या स्टेशनांचा खर्च बऱ्याच ठिकाणी वरच्या व्यापारी जागेतून काढायचा विचार असतो. गांधीनगरला 2021 मध्ये स्टेशनच्या वर हॉटेलच आलं. आपला एस.टी. डेपोही मॉलसकट बांधलाय. चांगलंच आहे, चहा बरा मिळतो. पण जी माणसं गाडी पकडायला नव्हे तर सिनेमा बघायला येतात त्यांची वाहनंही त्याच दारात येतात, आणि त्यांची गर्दी नेमकी संध्याकाळची, म्हणजे मेमूवाले परतायच्या वेळची. व्यापारी मजल्यांतून किती उत्पन्न येईल याचा तक्ता तयार असतो. त्या मजल्यांमुळे वाहनांच्या किती फेऱ्या वाढतील याचा तक्ता मागावा लागतो.

छायापुरीचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. अहमदाबादहून गोधरा-रतलामकडे जाणाऱ्या गाडीला बडोद्यात दिशा बदलावी लागते. इंजिन काढा, दुसऱ्या टोकाला लावा, यात वीसेक मिनिटं जातात. ती वाचावीत म्हणून छाणीजवळ छायापुरी स्टेशन विकसित केलं, आणि काही गाड्या मुख्य स्टेशनात न येता तिकडूनच जाऊ लागल्या. रेल्वेच्या वहीत वेळ वाचला, फलाटही मोकळा झाला. दोन्ही खरं आहे. पण मांजलपूरला राहणाऱ्या कुटुंबाने रात्री अकराची गाडी पकडायला अख्खं शहर ओलांडून छाणीला जायचं. गाडीचा वेळ वाचला तो आतल्या प्रवाशांचा, आणि खर्च झाला तो चढणाऱ्यांचा. निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. दोन्ही बाजूंची माणसं आणि मिनिटं एका पानावर मांडली असती तर निदान रात्रीच्या गाडीसाठी बस सोडायची गोष्ट पहिल्याच दिवशी सुचली असती.

बांधकामाच्या वर्षांबद्दल दोन शब्द. लंडनला 27 डिसेंबर 2014 रोजी किंग्ज क्रॉस या मोठ्या स्टेशनजवळचं रुळांचं काम वेळेत संपलं नाही. गाड्या फिन्सबरी पार्क नावाच्या लहान स्टेशनात संपवल्या, आणि ते स्टेशन माणसांनी असं भरलं की लोकांना बाहेर रस्त्यावर थांबवून ठेवावं लागलं. आपल्याकडे फलाट एकेक करून बंद केले तर काही गाड्या विश्वामित्री, प्रतापनगर, छायापुरी या शहरातल्या दुसऱ्या स्टेशनांकडे जातील. तिथे बाहेर रिक्षा किती, दिवे किती, संडास किती? काम चालू असतानाचा परिणाम हा अहवालाच्या परिशिष्टात टाकायचा विषय नाही. ‘तात्पुरती गैरसोय’ पाच वर्षं चालते, तोवर एका मुलाचं कॉलेज संपतं.

प्रश्नोत्तरात एका काकांनी विचारलं की महानगरपालिका हे सगळं रेल्वेकडून का करून घेत नाही. कायद्याची अडचण आहे, काका. 1989 च्या रेल्वे कायद्याचं 11 वं कलम रेल्वेला तिच्या कामांसाठी इतर कायदे बाजूला ठेवून बांधकाम करण्याचा अधिकार देतं. रेल्वेमार्गासाठी ते समजण्यासारखं आहे, नाहीतर प्रत्येक गावात रूळ अडले असते. पण त्यामुळे कुंपणाच्या आत रेल्वे, बाहेर महानगरपालिका, चौकात ट्रॅफिक पोलीस, डेपोत एस.टी. आणि वर बुलेट ट्रेनवाले, असे पाच मालक एकाच दारात उभे राहतात. पाचांनी मिळून एकच मोजणी करावी आणि एकाच नकाशावर सह्या कराव्यात, एवढं तरी आपण लेखी मागू शकतो.

दुसऱ्या एका ताईंनी विचारलं, सरकते जिने आले की प्रश्न मिटेल ना? चालू असतील तोवर बराच. बंद पडलेला सरकता जिना मात्र साध्या जिन्याहून वाईट, पायऱ्या उंच असतात. शिवाय तो माणसं वर आणून टाकतच राहतो. वर दहा-बारा मीटर मोकळी जागा नसेल तर पहिला माणूस फोन काढायला थांबला की मागचे त्याच्यावर येतात. बाके, पाट्या आणि वडापावची गाडी त्या जागेत नको.

आणि ज्यांना नुसतं ऐकायचं नाही, करायचंय, त्यांच्यासाठी: येत्या शनिवारी सकाळी नऊला आम्ही काही जण गरनाळ्याच्या दोन्ही तोंडांशी आणि एस.टी. डेपोकडच्या दाराशी माणसं मोजणार आहोत. पायी किती, रिक्षाने किती, बसने किती, मोटारीने किती, दर पाच मिनिटांना एक ओळ. वही आणि पेन घेऊन या. टोपीही आणा, तिथे सावली नाही.