उकिरड्याशेजारची हापसी

नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदी वाहून नेते. पुढं ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि सगळं गोसीखुर्दच्या जलाशयात येऊन साठतं. वाटेतल्या गावांची गुरं याच पाण्यावर येतात. शहर आपली घाण पुढं ढकलून मोकळं होतं. पर्यावरण मोजणारी नीरीसारखी नामांकित संस्था 1958 पासून याच शहरात आहे. मग काठावरच्या खेड्यांना आपल्या पाण्याचा, हवेचा हिशेब कळायला नको?

ही हापसी बघा. चार पावलांवर गोठा, त्यामागं उकिरडा, पलीकडं संडासाचा शोषखड्डा. पाणी नितळ, चवीलाही बरं. "पाणी चांगलं आहे जी," असं इथं कुणीही सांगेल. पण नायट्रेटला रंग नसतो, वास नसतो. शेणामुताचा, मैल्याचा, वावरात टाकलेल्या युरियाचा नत्र पावसाबरोबर मुरत खाली उतरतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम. त्याच्या फार वर गेलं, तर वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाच्या रक्तात प्राणवायू नीट पोचत नाही, बाळ निळसर पडतं. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही; पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. घराघरांत हे अजून माहीत नाही, याचं फार वाईट वाटतं.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या 5 महिलांना तपासणी किट वापरायला शिकवायचं ठरलं आहे. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. जंतूंची बाटली वेगळी: ती एक-दोन दिवसांत काळी पडली, तर पाण्यात मैला उतरलाय असं समजायचं. एकदाच तपासून भागत नाही. पावसाळ्याआधीचं पाणी वेगळं, नंतरचं वेगळं.

हवेचंही तसंच. पीएम 2.5, म्हणजे श्वासातून छातीत खोल जाणारे अतिबारीक कण; त्यांची मर्यादा 24 तासांसाठी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम. यंत्र ग्रामपंचायतीच्या गच्चीवर ठेवलं, तर पऱ्हाट्या-तुराट्यांच्या चुलीपुढं बसलेल्या बाईच्या छातीत काय जातं, ते त्यात येणारच नाही. ते चुलीपाशीच ठेवायला हवं.

कोराडी-खापरखेड्याकडं कोळशावरच्या वीज केंद्रांची राख आहे. जुलै 2022 मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राख कन्हानपर्यंत गेली, तेव्हा मोठी बातमी झाली. उन्हाळी वाऱ्यात उडून कुरडयांच्या वाळवणावर बसणाऱ्या राखेची बातमी होत नाही. मोजायची तीही आहे.

नमुना कुठल्या विहिरीचा, कोणत्या महिन्यातला, आकडा किती, मर्यादा किती, हे सगळं मराठीत पंचायतीच्या फळ्यावर लागलं पाहिजे, ग्रामसभेत मोठ्यानं वाचलं गेलं पाहिजे. मग उकिरडा कुठं हलवायचा, शोषखड्डा किती लांब खणायचा आणि तान्ह्या बाळासाठी पाणी कुठून आणायचं, ते त्याच सभेत ठरवता येईल.