पावणेआठ वाजताचा भाव

नमस्कार, श्रोतेहो. हॉटेलांना, खानावळींना किंवा किरकोळ विक्रेत्यांना रोज ताजी सागरी मासळी पुरवण्यासाठी जे लोक ती घाऊकीत खरेदी करतात, त्यांच्या दृष्टीने हंगाम आणि दर यांचे नाते काय असते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. कल्ले उचलून आणि डोळे पाहून मासा कसा पारखावा, हे आपणा सर्वांना घरातूनच ठाऊक असल्यामुळे त्यात मी वेळ घालवणार नाही.

मासे एका ठिकाणी मोठ्या संख्येने जमतात ते मुख्यतः दोन कारणांनी: अंडी घालण्यासाठी किंवा खाद्याच्या मागे. दोन्ही वेळी जाळी भरून येतात आणि दर उतरतात. परंतु दोन्ही वेळचा माल सारखा नसतो. खाद्याच्या मागे आलेला मासा अंगाने भरलेला असतो, तर नुकतीच वीण झालेला मासा आपली सगळी चरबी अंड्यांवर खर्च करून बसलेला असतो आणि त्याचे मांस पाणचट लागते. हेरिंगसारख्या तेलकट माशात चरबीचे प्रमाण वर्षभरात काही थोड्या टक्क्यांपासून वीस टक्क्यांच्या पुढेही जाऊ शकते, म्हणजे नाव तेच, वजन तेच, आणि मासा मात्र निराळा. खेकड्याचेही तसेच आहे. नुकतीच कात टाकलेला खेकडा बाहेरून टपोरा दिसतो, पण कवचात मांसापेक्षा पाणी अधिक असते. त्यामुळे घाऊक खरेदीदाराने स्वस्ताईचे कारण विचारावे, ती खाद्याने भरलेल्या माशाची स्वस्ताई आहे की वीण झालेल्या माशाची.

मासेमारी बंदीच्या काळाबद्दल एवढेच सांगतो की तिच्या तारखा आधीच जाहीर झालेल्या असल्यामुळे दर बंदीच्या पहिल्या दिवसाची वाट पाहत थांबत नाहीत. ते त्याआधीच चढू लागतात. संवर्धित, म्हणजे तळ्यात वाढवलेली, कोळंबी घेणाऱ्यांना वाटते की आपल्याला समुद्राशी देणेघेणे नाही. हा मोठा गैरसमज आहे. कोळंबीच्या खाद्यात माशांची भुकटी असते, त्या भुकटीचा जगातला फार मोठा वाटा पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्ही माशांपासून येतो, आणि एल निनोच्या वर्षी तिथले पाणी तापले की ते मासे खोल जातात किंवा दूर पांगतात. 2023 साली पेरू सरकारने अँकोव्हीच्या मासेमारीचा पहिला हंगामच रद्द केला, आणि भुकटी कडाडली. समुद्राचे तोंडही न पाहिलेल्या तळ्यातल्या कोळंबीचा उत्पादनखर्च असा दुसऱ्या गोलार्धातल्या पाण्याच्या तापमानावर हलतो.

आता मुख्य मुद्दा. कोणता मासा मिळेल हे हंगाम सांगतो. तो काय भावाने मिळेल हे त्या दिवशीची, त्या धक्क्यावरची आवक सांगते. पुन्हा सांगतो: मासा हंगाम ठरवतो, भाव आवक ठरवते. पुष्कळ खरेदीदार या दोन गोष्टींची गल्लत करतात, आणि ती गल्लत किती महाग पडते हे दाखवणारी एक हकिगत मला फार आवडते. ती मी अनेकदा सांगितलेली आहे, तरी आज पुन्हा सांगतो.

तारीख 14 जानेवारी 1997, वार मंगळवार, स्थळ केरळच्या उत्तर किनाऱ्यावरचे बडगरा, ज्याला आता वडकरा म्हणतात. सकाळचे पावणेआठ वाजलेले आहेत. ऐन हंगामात, तारली भरपूर असताना, अकरा होड्या माल घेऊन किनाऱ्याला लागलेल्या आहेत आणि त्यांना एकही गिऱ्हाईक उरलेले नाही, कारण आधी आलेल्या होड्यांनी बाजार भरून टाकलेला आहे. तिथला किनाऱ्यावरचा बाजार पहाटे सुरू होऊन सकाळी आठच्या सुमारास आटोपत असे. माल साठवण्याची सोय नाही, दुसऱ्या गावी जावे तर इंधन जळणार आणि पोहोचेपर्यंत तिथलाही बाजार उठलेला असणार. तारलीचा भाव त्या क्षणी शून्य होता. कमी नव्हे, शून्य. त्या अकरा जणांनी रात्रभर राबून पकडलेला मासा समुद्रात ओतून दिला.

आणि त्याच वेळी, बडगऱ्यापासून पंधरा किलोमीटरांच्या आतल्या शेजारच्या बाजारांत सत्तावीस खरेदीदार रिकाम्या टोपल्या घेऊन घरी परतण्याच्या बेतात होते, कारण त्यांच्या किनाऱ्यावर त्या दिवशी पुरेसा मासाच उतरला नव्हता. श्रोतेहो, आकडे पुन्हा ऐका: इकडे अकरा विक्रेते, तिकडे सत्तावीस गिऱ्हाइके, मध्ये पंधरा किलोमीटरांहून कमी अंतर, हंगाम तोच, समुद्र तोच, मासा तोच. एका बाजूला भाव शून्य आणि दुसऱ्या बाजूला पैसे देऊनही माल नाही.

ही नोंद आपल्यापर्यंत पोहोचली ती रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञामुळे. त्यांनी 1996 ते 2001 या काळात कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड या जिल्ह्यांतल्या किनारी बाजारांची आणि तीनशे होड्यांची दर आठवड्याला माहिती गोळा केली आणि 2007 साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. योगायोग असा की याच काळात त्या किनाऱ्यावर मोबाइल फोनचे मनोरे टप्प्याटप्प्याने उभे राहत होते. मनोरे किनाऱ्यालगत असल्यामुळे त्यांचा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटर समुद्रात पोहोचत असे, आणि होडीवाल्यांना परत येता येताच पाण्यातून फोन करून कोणत्या किनाऱ्यावर काय दर चालला आहे हे विचारता येऊ लागले.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. फोन येण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येक होडी आपल्याच गावच्या किनाऱ्यावर माल विकत असे. फोन आल्यावर सुमारे एक तृतीयांश होड्या अन्य बाजारांकडे वळू लागल्या. बाजाराबाजारांतल्या दरांची तफावत, जी आधी साठ-सत्तर टक्क्यांच्या घरात होती, ती पंधरा टक्क्यांवर किंवा त्याखाली आली. पूर्वी सरासरी पाच ते आठ टक्के मासा फुकट जात होता, ते जवळपास थांबले. मच्छीमारांचा नफा आठ टक्क्यांनी वाढला आणि तरीही गिऱ्हाइकाला मासा चार टक्क्यांनी स्वस्त मिळू लागला. समुद्रात एक मासा वाढला नव्हता, हंगाम एक दिवसाने लांबला नव्हता.

ही हकिगत सांगणारे लोक बहुधा त्या अकरा होडीवाल्यांसाठी हळहळतात, आणि ते रास्तच आहे. परंतु मला त्या सत्तावीस खरेदीदारांविषयी बोलायचे आहे. त्यांची दखल कोणी घेत नाही. त्यांनी पहाटे उठून येण्याचा खर्च केला, टोपल्या आणल्या, बहुधा कोणाला तरी माल देण्याचा शब्दही दिलेला असेल, आणि ते परतले ते मासा महाग होता म्हणून नव्हे, तर आपल्या धक्क्यापलीकडे काय चालले आहे याची चौकशी करण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते म्हणून. आज ते साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. असे असूनही एकाच धक्क्याला, एकाच अडत्याला वर्षानुवर्षे धरून राहणारे आणि वर त्याला निष्ठा म्हणणारे खरेदीदार मी पाहतो, तेव्हा मला त्यांच्या खिशातला फोन नेमका कशासाठी असतो असा प्रश्न पडतो. पाहुण्यांच्या लग्नाचे व्हिडिओ पाहण्यासाठी असावा.

याच ओघात वर्षभराच्या ठराविक दराच्या कराराविषयीही माझे मत नोंदवतो. वर्षभर एकच दर हवा असा हट्ट धरला की पुरवठादार वर्षातला सर्वांत वाईट दिवस डोळ्यांसमोर ठेवून आकडा सांगतो, आणि मग आवक भरघोस असतानाही आपण टंचाईचा भाव मोजत राहतो. याचे मूळ, माझ्या मते, हॉटेलांच्या छापील आणि वर प्लॅस्टिक चढवलेल्या खाद्यपत्रिकांत आहे. एकदा त्यांवर माशाचे नाव आणि किंमत छापली की स्वयंपाकघर बारा महिने त्याच माशाच्या मागे धावते. ज्याने खाद्यपत्रिकेवर माशाचे नाव न लिहिता केवळ ‘आजचा मासा’ एवढेच लिहिले, त्याच्या खरेदीदाराला धक्क्यावर उभे राहून आवक पाहून निर्णय घेता येतो. एका प्रकारचा मासा चढला तर त्याच पोताचा, तसाच शिजणारा दुसरा मासा त्याने उचलावा. त्यासाठी प्रत्येक प्रकाराला एक-दोन पर्याय आधीच ठरवून ठेवावेत.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून वजनाचा मुद्दा घाईने सांगतो. लिलावातला दर हा अख्ख्या माशाचा असतो. डोके, काटे आणि पोटातला भाग काढल्यावर गोल अंगाच्या माशाचे बिनकाट्याचे मांस ढोबळमानाने निम्म्याहून कमीच उरते, आणि विणीच्या तोंडावर पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, असल्यामुळे ते आणखी घटते. म्हणून दोन हंगामांतल्या दरांची तुलना करताना किलोचा दर पाहू नये, हाती आलेल्या मांसाचा दर पाहावा. बर्फात हात आखडू नये, उष्ण प्रदेशात एक किलो माशाला एक किलो बर्फ हे प्रमाण ठेवावे. मात्र वजन करताना मासा बर्फातून काढून, पाणी निथळू देऊन मगच काट्यावर ठेवायला सांगावे. विक्रेता कुरकुर करील. त्याला करू द्यावी. नमस्कार.