रविवारची उडी

(दृश्य: खिडकीच्या कट्ट्यावर श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात माती. मातीतून हरभरा वर येतो, पानं सोडतो, उजेडाकडे वाकतो. दोन सेकंदांत खेळ खलास.)

संपली. फिल्म एवढीच आहे. पुन्हा लावतो, या वेळी पापणी लववू नका.

नाशिकमध्ये, सातपूरच्या कारखान्यांना लागून असलेल्या एका प्राथमिक शाळेत चौथीच्या मुलांनी ती केलीय. रोज परिपाठ झाला की एक फोटो. लॅपटॉप खडूच्या खुणेवर ठेवायचा, झाकण ठरलेल्या कोनात उघडायचं, समोर डबा सरकवायचा आणि एकानं बटण दाबायचं. चार आठवडे, चोवीस फोटो. सेकंदाला बारा फोटो पळवले की झाले दोन सेकंद. महिनाभर वाट पाहिलेल्या वर्गानं ते बघितलं, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, एवढंच?"

त्या 'एवढंच'वर पुढचे दोन दिवस गेले. मिनिटभराची फिल्म हवी तर फोटो किती लागतील? साठ गुणिले बारा, सातशेवीस. रोज एक काढला तर जवळजवळ दोन वर्षं. तोवर आपण सहावीत! मग दिवसाला चार काढले तर? गुणाकार-भागाकार फळ्यावर न लिहिता आपसूक सुरू झाले.

(दृश्य: पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक. सहलीची रांग.)

हा उद्योग नाशिकला नवा नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०चा. 'राजा हरिश्चंद्र' १९१३मध्ये पडद्यावर आला, पण त्याच्या आधी फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ कॅमेऱ्यानं टिपली होती. रोज थोडं थोडं चित्रण, आणि शेवटी पडद्यावर भराभर उगवणारं रोप. पैसे घालणाऱ्याला पटवायला ते रोप कामी आलं. दरवर्षी या स्मारकावर सहल येते, मुलं डबा खातात, परत जातात. यंदा मात्र एका मुलानं विचारलं, की फाळके रविवारी सुट्टी घ्यायचे का?

त्या प्रश्नाकडे येऊच. आधी वर्गात जाऊ.

(दृश्य: वर्ग. भिंतीवर मोठा डिजिटल फळा, समोर ओळीत बसलेली मुलं.)

हा डिजिटल फळा. यावर पाचन संस्था फिरते, सूर्यमाला फिरते, कविता चालीवर वाजते. मुलं हाताची घडी घालून बघतात. स्पष्ट बोलायचं तर हा टीव्हीच आहे, फक्त त्याच्यावर पेननं लिहिता येतं. ज्वालामुखी दाखवायला याच्यासारखं साधन नाही, हे मान्य. पण अर्ध्या तासानंतर मुलांचे चेहरे बघा, घरी मालिका बघताना असतात तसेच.

आता हे सहा लॅपटॉप. मुलं अडतीस. म्हणजे एकाला सहा-सात डोकी. आणि इथं पहिला तंटा तंत्रज्ञानाचा नसतोच, कीबोर्ड कुणाच्या मांडीवर याचा असतो. जो दांडगा, त्याचा हात माऊसवर. बाकीचे मागून "अरे वर घे, वर घे". बाईंनी नियम केला: हजेरी क्रमांकानं पाच-पाच मिनिटं, आणि ज्याची पाळी नाही त्यानं फक्त तोंडानं सांगायचं, हात लावायचा नाही. यात एक गंमत झाली. तोंडानं सांगायचं तर 'ते तिकडचं दाब' चालत नाही, नीट शब्दांत सांगावं लागतं.

(दृश्य: कीबोर्ड जवळून. बटणांवर चिकटपट्टीनं लावलेली हातानं लिहिलेली अक्षरं.)

मराठी टाइप करायला बाईंनी इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा कीबोर्ड निवडला. मोबाइलसारखं इंग्रजी स्पेलिंग मारून मराठी उमटवणं सोपं पडलं असतं, पण मग मराठी लिहायला आधी इंग्रजी यायला हवं. इनस्क्रिप्टमध्ये बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला. पहिला शब्द दिला 'नाशिक'.

न आला. काना आला. मग मुलीनं दाबली पहिली वेलांटी. वहीत ती तशीच लिहिते ना, आधी वेलांटी, मग श. पडद्यावर वेलांटीशेजारी टिंबांचं एक वर्तुळ उमटलं. तिनं ते खोडलं, पुन्हा तेच केलं, पुन्हा वर्तुळ. मग बाई म्हणाल्या, हात काय लिहितो ते विसर, तोंड काय म्हणतं ते ऐक. तिनं हळू म्हटलं: ना... शि... क. आधी श. मग वेलांटी. आणि वेलांटी टुणकन उडी मारून श-च्या पुढ्यात जाऊन बसली.

"बाई, पळाली!"

इतकी वर्षं आपण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतो आणि नंतर बोलतो. चाळिशी ओलांडली तरी माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

(दृश्य: बंद कपाट. काचेमागे लॅपटॉपच्या पेट्या.)

नुसती यंत्रं वाटून भागत नाही, हे आपल्याला फार पूर्वी कळायला हवं होतं. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७मध्ये आपल्याच राज्यात झाला, कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्या शाळेत. पुढे पेरू देशानं तसे लाखो लॅपटॉप वाटले. २०१२मध्ये तिथल्या खेड्यांतल्या शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: गणितात आणि भाषेत मुलांची प्रगती लॅपटॉप नसलेल्या शाळांइतकीच.

आपल्याकडे तर लॅपटॉप वर्गापर्यंत पोचेल याचीही खात्री नसते. शाळेत आलेला पहिला लॅपटॉप कार्यालयात अडकतो. युडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, 'आजच पाठवा' असे संदेश. या सहातले चार शैक्षणिक उठावातून आले, म्हणजे पालकांनी आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. मुख्याध्यापकांनी त्यांना कार्यालयाचा उंबरा ओलांडू दिला नाही, म्हणून ते वर्गात राहिले.

घरचं काय? बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, स्कॅन केला की दीक्षा ॲपवर धड्याचा व्हिडिओ उघडतो. पण या घरांत स्मार्टफोन एकच, आणि तो वडिलांबरोबर पाळीला जातो. दुसरी पाळी असेल तर मूल झोपल्यावर फोन घरी येतो. त्यामुळे जे व्हायचं ते शाळेतच, वीज असेपर्यंत.

(दृश्य: पुन्हा तीच दोन सेकंदांची फिल्म, आता अगदी हळू.)

आता नीट बघा. इथं. आणि इथं. रोप हळूहळू वाढता वाढता मध्येच एक उडी मारतं. तीन ठिकाणी. हे तीन रविवार. शाळा बंद, फोटो नाही. हरभऱ्याला सुट्टी नसते हे मुलांना कुणी शिकवलं नाही, त्यांना ते फिल्ममध्ये दिसलं.

दुसऱ्या फिल्मसाठी नवा डबा, नवा दाणा. पण रविवारी येणार कोण? लॅपटॉप घरी न्यायची परवानगी नाही. शेवटी नाव निघालं खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं. त्या शाळेच्या मागेच राहतात, कुलपाची एक किल्ली त्यांच्याकडे असते. मावशी म्हणाल्या, माझा हात लागून मोडलं तर? दोन मुलींनी शनिवारी मधल्या सुट्टीत त्यांना शिकवलं. पाळीचा नियम इथंही पाळला, मुलींनी तोंडानं सांगायचं, हात मावशींचा.

(दृश्य: दुसरी फिल्म. रोप सलग वर येतं.)

ही ती दुसरी. सोमवारची उडी नाही. एका फोटोत मात्र डब्यामागे हिरव्या लुगड्याचा काठ आलाय. बाईंनी विचारलं, तेवढा कापून टाकायचा का? वर्ग एका सुरात नाही म्हणाला.