पन्नासाच्या ठोक्यावर

(पडदाभर घड्याळाचा चेहरा. ११:५९.)

थोडं थांबा, अजून काही सेकंद आहेत. मिनिटांच्या वरच्या अर्ध्या पात्याकडे बघत राहा. त्याची कड एका बारीक तारेखाली अडकली आहे. आतला ढोल मागून रेटतोय, तार सोडत नाही, पातं किंचित वाकलंय... सुटलं!

बारा वाजले.

आता तेच पुन्हा, संथ गतीनं. जे पातं पडतंय त्याच्या पुढच्या बाजूला एकोणसाठचा वरचा अर्धा भाग छापलाय आणि पाठीवर शून्य-शून्यचा खालचा अर्धा. पातं खाली उलटलं की पाठ पुढे येते, त्याच क्षणी मागे दडलेलं पुढचं पातं उघडं पडतं आणि दोन अर्ध्यांचा मिळून एक आकडा होतो. मिनिटांच्या ढोलावर अशी साठ पाती आहेत, शेजारी तासांचा वेगळा ढोल. ना काटे, ना पडदा, ना चिप. तरीही हे घड्याळ वेळ आकड्यांत सांगतं, आणि खाली रेडिओ आहे, जो सकाळी ठरल्या वेळी आपोआप सुरू होतो. असा हा फ्लिप घड्याळ-रेडिओ.

(खोली. तीन भिंतींना फळ्या.)

ही खोली पुण्यात, कोथरूडमध्ये आहे. मालकांनी नाव सांगायचं नाही असं पहिल्याच फोनवर बजावलं होतं, तेव्हा आपण त्यांना काका म्हणू. काकूंनी कॅमेऱ्यासमोर यायला साफ नकार दिला. फळ्यांवरची धूळ कोण पुसतं, हा प्रश्न त्यामुळे या फिल्ममध्ये नाही.

काळे, पांढरे, नारिंगी, लाकडी छपाईचा कागद चिकटवलेले. सोनी, नॅशनल, सान्यो, जनरल इलेक्ट्रिक. बहुतेक साधारण १९६८ ते १९८० या काळातले. काही आखातातून आलेल्या सामानातले, काही बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी आणलेले, काही जुन्या बाजारातून. काका आयुष्यभर विजेच्या कामात होते, त्यामुळे त्यांचा जीव रेडिओपेक्षा मोटरवर जास्त.

(आवाज वाढतो. बारीक, सलग घुं.)

हा जो आवाज येतोय, तो मोटरचा आहे. ध्वनिमुद्रणातला दोष नाही.

या घड्याळांना स्वतःची वेळ नसते. आत लंबक नाही, क्वार्ट्झ नाही. आत आहे ती सिंक्रोनस मोटर, म्हणजे भिंतीतल्या विजेच्या लाटांशी पाऊल जुळवून फिरणारी मोटर. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं घेते. मोटर तेवढ्यांवर चालते आणि पुढची दातेरी चाकं ती गती कमी करत करत मिनिटाला एका पात्यावर आणून ठेवतात. वीज जितकी अचूक, तितकं घड्याळ अचूक.

हे ज्याला सर्वांत आधी नीट उमगलं तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा हेन्री वॉरन. त्यानं विजेवर चालणारं घड्याळ बनवलं खरं, पण ते चुकायला लागलं. दोष घड्याळात नव्हता, वीजकेंद्रातच आवर्तनं कमीजास्त होत होती. मग १९१६ मध्ये त्यानं बोस्टनच्या वीजकेंद्रात एक मुख्य घड्याळ बसवलं. त्यात एक काटा लंबकावर चालणारा आणि दुसरा केंद्राच्या स्वतःच्या विजेवर. दोन्ही काटे एकावर एक राहतील अशा बेतानं जनित्रं चालवायची, एवढंच काम तिथल्या लोकांना दिलं. घराघरांतली घड्याळं आपोआप बरोबर चालायला लागली. पुढे वॉरनच्याच टेलिक्रॉन कंपनीनं १९४० च्या दशकात घड्याळ आणि रेडिओ एका पेटीत घातले. त्या पेटीचं नाव म्युझअलार्म. त्यात आकडे नव्हते, साधे काटे होते.

(काका एक जनरल इलेक्ट्रिकचा संच उचलतात, मागची पट्टी कॅमेऱ्याला दाखवतात.)

हा अमेरिकेतला. पट्टीवर लिहिलंय, १२० व्होल्ट, ६० आवर्तनं. व्होल्टचं काम सोपं आहे. टेबलाखाली तो काळा ठोकळा दिसतोय ना, तो ट्रान्सफॉर्मर २३०चे ११० करून देतो. पण ट्रान्सफॉर्मर आवर्तनं बदलत नाही. साठांची सवय असलेल्या मोटरला पन्नासच मिळाली की तिचा तास सत्तर-बहात्तर मिनिटांचा होतो. अचूक सांगायचं तर बहात्तरचा. रात्री बाराला बरोबर लावलेलं घड्याळ दुसऱ्या रात्री बाराला आठ वाजल्याचं सांगतं. अमेरिकेहून परतलेल्या कित्येक घरांत असा एखादा रेडिओ 'बिघडला' म्हणून माळ्यावर गेला असेल. त्याला काहीही झालेलं नसतं. मोटरपुढचं एक दातेरी चाक बदललं की तो सुधारतो.

आता हा जपानी बघा. पाठीवर एक छोटी खिटी आहे, एका बाजूला ५०, दुसऱ्या बाजूला ६०. ही सोय परदेशी गिऱ्हाइकांपुरती नव्हती, ती त्यांना घरातच लागत होती. १८९० च्या दशकात तोक्योनं जर्मनीची जनित्रं घेतली, पन्नासची. ओसाकानं अमेरिकेची घेतली, साठची. दोन्हीकडे जाळं वाढत गेलं आणि देशाचे विजेच्या दृष्टीनं दोन तुकडे पडले, फुजी नदीच्या आसपास. ते आजही तसेच आहेत. तोक्योतून ओसाकाला बदली झालेल्या माणसाला घड्याळाची खिटी सरकवावी लागायची.

(काका हसतात. "आपल्याकडे खिटी असून उपयोग नव्हता रे. आपले पन्नासच कुठे पन्नास होते!")

त्यांचं म्हणणं खरं आहे. मागणी जास्त आणि वीज कमी असली की जाळ्याची आवर्तनं खाली येतात. पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र-गुजरातच्या जाळ्यात, ती ४९ च्याही खाली जायची. दिवसभर ४९ राहिली, तर असं घड्याळ चोवीस तासांत जवळपास एकोणतीस मिनिटं मागे पडतं. जुलै २००२ पासून या विभागात नवी दरपद्धत आली. आवर्तनं खाली असताना एखाद्या राज्यानं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर जबर पैसे मोजायचे. त्यानंतर हळूहळू शिस्त लागली. आज देशाच्या जाळ्याचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ असा ठरवून दिलेला आहे. काकांच्या फळीवरची घड्याळं आता पूर्वीइतकी इकडेतिकडे होत नाहीत. ही सुधारणा कुठल्या अहवालात वाचायची गरज नाही, या खोलीत ती डोळ्यांनी दिसते.

भारनियमनाच्या वर्षांबद्दल मात्र या घड्याळांकडे एकच उत्तर होतं. वीज गेली की पाती जिथल्या तिथे थांबायची.

(टेबल. पिवळा दिवा. उघडा पडलेला नॅशनलचा संच.)

आता काम बघू. हा संच वाजतो, पण पाती पडत नाहीत. प्लग काढलेला आहे, तरी काका आधी वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरची दोन टोकं जोडून तो रिकामा करतात. मग बटणं ओढून काढायची आणि लगेच डबीत टाकायची, कारण ती हरवली तर मिळत नाहीत. तळाचे चार स्क्रू. पेटी वर सरकते आणि आतला घड्याळाचा भाग अख्खा बाहेर येतो.

मोटर म्हणजे हा पत्र्याचा बंद डबा. तिच्यात कारखान्यात भरलेलं वंगण चाळीस-पन्नास वर्षांत घट्ट झालंय. मोटर घुं करते, पण फिरत नाही. काका केस वाळवायच्या यंत्रानं तिला हळूहळू ऊब देतात. मग पत्र्याला एक सूक्ष्म भोक पाडून सुईनं शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब आत सोडतात. दोन नाही. भोक बुजवतात. प्लग लावतात आणि कान लावून बसतात.

(अकरा सेकंद निवेदन नाही. नुसता मोटरचा आवाज.)

"सुटली."

पण तेल मोटरच्या पलीकडे जाता कामा नये. पात्यांना तेल लागलं की ती एकमेकांना चिकटतात, मग एकदम तीन-तीन पडतात, आणि घड्याळ आठ पाचवरून आठ आठवर उडी मारतं. पात्यांना स्पिरिटही चालत नाही, आकडेच पुसले जातात. कोरडा, मऊ ब्रश, बस. तेवीसचं पातं निघून आलंय बघा. त्याला दोन्ही कडांना बारीक कान आहेत, ते ढोलाच्या चकत्यांमधल्या छिद्रांत बसतात. काका पातं अंगठा आणि मधलं बोट यांच्यात धरून जरासं कमानीसारखं वाकवतात. एक कान बसला. दुसरा... निसटला. पुन्हा. बसला. आता हातानं ढोल फिरवून बावीस, तेवीस, चोवीस असं पडतंय का ते बघायचं.

चेहऱ्यावरचा नारिंगी उजेड निऑनच्या दिव्याचा आहे. हे दिवे म्हातारे झाले की आतून काळे पडतात आणि लुकलुकायला लागतात. एलईडी का लावत नाही, असं आमच्या कॅमेरामननं विचारलं. काकांनी उत्तर दिलं नाही, दोन्ही प्रकारचे दिवे लावून दाखवले. फरक तुम्हीच बघा.

(जुनी छायाचित्रं. काचेच्या नळकांड्यातलं घड्याळ, मग रेल्वे स्थानकांचे फलक.)

पाती उलटून वेळ सांगायची कल्पना रेडिओपेक्षा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत युजीन फिचचं प्लेटो घड्याळ निघालं. काचेच्या नळकांड्यात किल्लीवर चालणारं. मात्र आज आपण ज्याला फ्लिप म्हणतो त्याला वळण लावलं ते इटलीच्या सोलारी कंपनीनं. ईशान्येकडच्या डोंगरातल्या पेसारीस गावात हे घराणं १७२५ पासून घड्याळं करत होतं. रेमिज्यो सोलारी यांची यंत्रणा आणि वास्तुरचनाकार जीनो वाल्ले यांचा आकार, अशी जोडी जमली. त्यांच्या चिफ्रा ५ या घड्याळाला १९५६ मध्ये कंपासो दोरो हा इटलीचा मोठा डिझाइन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी बेल्जियमच्या लिएज स्थानकावर सोलारीचा गाड्यांच्या वेळांचा फलक लागला. पुढे जगभरच्या विमानतळांवर खडखडत बदलणारे फलक दिसायला लागले ते हेच. टेबलावर ठेवायचं त्यांचं चिफ्रा ३ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. काकांकडे ते नाही. किंमत ऐकल्यावर काकांनी विषय बदलला होता.

इटलीनं ते देखणं केलं आणि जपाननं स्वस्त केलं. कॅमेऱ्यांची शटर बनवणाऱ्या कोपाल कंपनीला इवले भाग एकसारखे, लाखांनी काढायची सवय होती. तिच्या पात्यांची यंत्रणा निरनिराळ्या नावांच्या पेट्यांत बसलेली सापडते. बाहेरचं नाव वाचून खूश होऊ नका, मागचं झाकण उघडा, असं काका नव्यांना सांगतात. आणि हो, ज्या घड्याळांत आकड्यांचे ढोल नुसते गोल फिरतात, पातं पडत नाही, ती फ्लिप नव्हेत. विकणारे दोन्ही एकाच नावानं खपवतात.

(रेडिओची पट्टी. काटा हळू सरकतो. खरखर.)

रेडिओबद्दल थोडक्यात. अमेरिकन पट्टीवर शेवटचं शून्य छापत नाहीत, त्यामुळे पुणे आकाशवाणीचं ७९२ शोधायचं तर काटा ७९ च्या आसपास न्यायचा. खरखर रेडिओची नाही, घरातल्या चार्जरची आणि एलईडी दिव्यांची आहे. जपानच्या घरगुती बाजारातल्या जुन्या संचाचं एफएम ७६ ते ९० एवढंच असतं. त्यावर विविध भारतीचं १०१ कधीच लागणार नाही, कितीही पिळा.

१९७० च्या दशकात चमकत्या आकड्यांची चिप स्वस्त झाली आणि दहा वर्षांच्या आत पाती बनवणारे बहुतेक कारखाने दुसऱ्या मालाकडे वळले. मग मोबाइल आला, रेडिओचे दुरुस्तीवालेही गेले.

अलीकडे एक नवीनच चाल निघाली आहे. पेटी ठेवायची, आतलं सगळं उपसून टाकायचं आणि ब्लूटूथ बसवायचं. चेहऱ्यावर आकडे एका वेळेवर चिकटवून टाकलेले. असा एक संच काकांना कुणी दुरुस्तीला आणून दिला होता. त्यांनी तो परत केला, आतली मोटर कुठे टाकली तेवढं विचारलं.

(मंगळवार पेठ. जुना बाजार. रविवार सकाळ, गर्दी.)

बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. इथे प्लग लावायला बोर्ड नाही, तेव्हा घड्याळ चालतं की नाही हे विजेविना ठरवावं लागतं. विकणारा आठशे म्हणतोय. काकांनी अजून भाव विचारलेलासुद्धा नाही. ते बाजूचं बटण एका बोटानं फिरवताहेत आणि पाती मोजताहेत. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. चव्वेचाळीस अडकलं. बोटाची टिचकी, पडलं.

"काका, चालू आहे बरं का, कालच लावून बघितलं," विकणारा म्हणतो.

"कुठे लावलंस? याला एकशे दहा लागतात." काका संच उलटा करून पट्टी दाखवतात. "दोनशे तीसला लावलं असशील तर मोटर गेली. तीनशे देतो, पात्यांचे."