पावलं साबणाकडे वळतात तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

हात का धुवावेत, हे मी आज सांगणार नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. शौचाहून आल्यावर आणि जेवायला बसण्याआधी साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा चोळून. रात्री दात घासून झोपावं, हेही ठाऊक आहे. ठाऊक असूनही ते रोज हातून का घडत नाही, हा खरा प्रश्न. त्यावर बोलायचं म्हटलं की मला बांगलादेशातल्या दोन शाळा आठवतात.

खेड्यातल्या प्राथमिक शाळा. रॉबर्ट ड्रायबेलबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सुरुवातीला नुसतं पाहिलं. शौचालयातून बाहेर पडणाऱ्या शंभर मुलांपैकी साबणाने हात धुणारी मुलं किती? ४. शंभरात फक्त चार!

आता आपण मोठ्यांनी काय केलं असतं? मुलांना रांगेत बसवून जंतूंवर तासभर ऐकवलं असतं आणि भिंतीवर एक फलक ठोकला असता. फलकांचा विषय निघालाच आहे तर सांगते, प्रत्येक सूचनाफलकावर तो काढून टाकायची तारीख लिहिलेली असावी, असं माझं ठाम मत आहे. वर्षानुवर्षं एकाच जागी लटकणारा फलक डोळ्यांना दिसेनासा होतो, आणि मग शेजारची खरोखर महत्त्वाची सूचनाही कोणी वाचत नाही. असो.

तर या मंडळींनी व्याख्यान दिलं नाही. त्यांनी हात धुण्याची जागा बांधली. शौचालयापासून तिथपर्यंतची वाट पक्की केली, भडक रंगांत रंगवली आणि तिच्यावर पावलं काढली. हात धुण्याच्या जागी रंगवले हाताचे पंजे. एवढंच. वेगळा धडा नाही, जंतूंची भीती नाही, बक्षीस नाही.

जरा डोळ्यांसमोर आणा. मूल घाईघाईने बाहेर येतं, सगळा जीव खेळात अडकलेला. पायाखाली रंगीत पाऊल दिसतं. आता मुलाला त्या पावलावर आपलं पाऊल टाकल्याशिवाय राहवेल का? एकावर टाकलं की पुढचं खुणावतं, त्याच्या पुढचंही. आणि वाट संपते ती थेट साबणापाशी. तिथे पंजा काढलेला. हात आपसूक पुढे होतो.

रंगकाम पुरं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोजणी झाली. शंभरात ६८. दोन आठवड्यांनी ७४. तुम्ही म्हणाल, नव्याचे नऊ दिवस! सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं, तरी ७४. चारावरून चौऱ्याहत्तर, श्रोतेहो, आणि तेही कोणी रागावलं नाही, कोणी ओरडलं नाही. साबण-पाणी हाताशी आलं, त्याचाही यात वाटा असणारच. पण हात धुवायची आठवण ठेवायचं काम मुलांच्या डोक्यावरून उतरलं आणि वाटेवर आलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मानसशास्त्र यात आहे ते थोडक्यात इतकंच. संकल्प डोक्यात असतो, सवय मात्र जागेला आणि वेळेला चिकटते. ठरलेली खूण दिसली की ठरलेली कृती, असं पुन्हापुन्हा घडलं की विचार न करता हात चालू लागतो. म्हणून ‘मी स्वच्छता पाळीन’ हा संकल्प लंगडा. ‘घरात शिरून दार लावलं की आधी हात धुवीन’ हा धडधाकट. खूण ठरवा. पुन्हा सांगते, आधी खूण ठरवा.

दातांचं उदाहरण घ्या. दातांच्या फटीत दोरा फिरवायला शिकणाऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ब्रश करण्याआधी दोरा वापरणाऱ्यांपेक्षा ब्रश झाल्यावर वापरणाऱ्यांची सवय पक्की झाली, आणि आठ महिन्यांनंतरही तेच तो अधिक वेळा वापरत होते. एक मुरलेली सवय संपते, तिच्याच शेपटाला नवी बांधायची. तेव्हा दोऱ्याची डबी कपाटात नको, ब्रशच्या शेजारी उघड्यावर ठेवा.

किती दिवस लागतात? एकवीस दिवसांत सवय लागते, हे कृपा करून विसरा. या आकड्याने कित्येकांना बाविसाव्या दिवशी नाउमेद केलं असेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या साध्यासुध्या सवयींचा मागोवा घेतला. मधला आकडा निघाला ६६ दिवस. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचं फारसं काही बिघडलं नाही. म्हणून घरातल्या मुलाने काल रात्री दात घासले नाहीत, तर आज सकाळी त्यावरून बोलू नका. आज रात्री जेवण आटोपलं की ब्रश त्याच्या हातात द्या आणि तुमचाही घ्या.

नमस्कार.