आधी कुंपण, मग गोगलगाय

अध्यक्ष महोदय आणि शेतकरी मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेत माझा विषय ‘गोगलगाय पालनाचे अर्थकारण’ असा छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. मात्र आधी कुंपणाविषयी बोलण्याची मुभा घेतो, कारण मांसासाठी गोगलगायी पाळण्याच्या या धंद्याची चर्चा करताना अंडी, खाद्य आणि भाव यांवर सारेच भरभरून बोलतात आणि कुंपणाची बोळवण एका ओळीत करतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

रोमन लोकांना याची जाण होती. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फुल्वियस लिप्पिनस याने इटलीतील तार्क्विनियाच्या परिसरात गोगलगायींचे वाडे उभारले आणि प्रत्येक जातीला स्वतंत्र कप्पा दिला. त्याच शतकातील रोमन लेखक वॅरो सांगतो की, वाड्याभोवती चहूबाजूंनी पाणी ठेवावे, नाहीतर पिल्लांऐवजी त्यांच्या आयांनाच शोधत बसावे लागेल आणि पळालेले गुलाम पकडणारा माणूस नेमण्याची पाळी येईल. आपण हसलात, पण २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात ज्यांचे कोवळे सोयाबीन गोगलगायींनी फस्त केले, ते मागच्या रांगेतील मंडळी हसलेली नाहीत.

इटलीतील शेतांवर आज पाण्याऐवजी जाळी असते. तिचा खालचा काठ जमिनीत पुरतात आणि आतल्या अंगाला एक झालर खाली सोडतात. दव पडल्यावर गोगलगाय जाळी चढते, झालरीखालच्या बेचक्यात अडकते आणि झालरीच्याच आधाराने उतरून पुन्हा वाफ्यात येते. हे जमले नाही तर काय होते, ते प्रशांत महासागरातील ताहिती बेटाने पाहिले. तेथे १९६७ मध्ये खाण्यासाठी आणलेली आफ्रिकन गोगलगाय बागांत पसरली. तिच्या बंदोबस्तासाठी १९७४ मध्ये आणलेल्या शिकारी गोगलगायीने तिला सोडून स्थानिक पार्टुला गोगलगायींचा फडशा पाडला. आपल्याकडे तर कुंपणाचा प्रश्नच आला नाही. १८४७ मध्ये बेन्सन या शंखशास्त्रज्ञाने मॉरिशसहून आणलेल्या याच आफ्रिकन गोगलगायी कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत सरळ मोकळ्या सोडल्या गेल्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा अर्थकारण धावतेच सांगतो. युरोपीय बागेतील गोगलगाय उभयलिंगी असते आणि भुसभुशीत ओल्या मातीत एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. ती दोन ते चार आठवड्यांत फुटतात. शंखासाठी चुना लागतो. दाटी झाली की साचलेल्या चिकट स्रावाने वाढ खुंटते, म्हणून जागेत काटकसर केली की माल बारीक राहतो. शंखाची कड बाहेर वळून टणक झाली की जनावर तयार समजावे आणि काही दिवस उपाशी ठेवून मगच विकावे.

आपल्याकडे पावसाळ्यात हवी तितकी मिळते ती आफ्रिकन गोगलगाय, आणि तिच्या मांसाला येथे गिऱ्हाईक जवळजवळ नाही. खरेदीदार आधी ठरलेला नसेल, तर मराठवाड्यात कोणी या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि खरेदीदार मिळाला तरी जाळीचा खर्च भांडवलात धरल्याशिवाय नफ्याचा आकडा मांडू नये.