कॅरेट कोणी ठरवायचे?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘मर्यादित शासन आणि मुक्त बाजारपेठ’ असा छापला आहे. त्याची नीट मांडणी करायची तर शासनाने काय करावे, काय करू नये आणि शासनाने जे सोडून दिले ते बाजार कसे सांभाळतो, हे तीन प्रश्न क्रमाने घ्यावे लागतील, आणि ते मी घेणार आहे. त्याआधी मात्र मला तुम्हा सर्वांना आपल्या इंदूरच्या सराफ्यात न्यायचे आहे. या विषयातले माझे पहिले गुरू अर्थशास्त्रज्ञ नव्हते आणि पुढारीही नव्हते. ते माझे आजोबा होते, सराफ्याच्या मागच्या गल्लीत बागेसरीपुढे, म्हणजे सोनाराच्या शेगडीपुढे, बसून दागिने घडवणारे सोनार, आणि ही माझ्या हातातली कसोटी त्यांची आहे.

मागे बसलेल्यांना दिसत नसेल म्हणून सांगतो : हा तळहाताएवढा काळा, गुळगुळीत दगड आहे. गिऱ्हाइकाने आणलेला दागिना आजोबा यावर एकदा घासत, शेजारी ठाऊक असलेल्या कसाच्या सळईची रेघ ओढत, दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडत आणि दगड दाराकडच्या उजेडात तिरका धरत. दोन रेघांच्या रंगांत जो फरक मला कधीच दिसला नाही, त्यावरून ते सोन्याचा कस सांगत, आणि त्यांच्या शब्दावर चार आळ्यांतल्या बायका आपले स्त्रीधन विश्वासाने त्यांच्या हाती देत.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध झाले. परकीय चलनाची तंगी होती, आणि चोरट्या वाटेने येणाऱ्या सोन्यात देशाचा पैसा वाहून जातो, अशी सरकारची चिंता होती. ती चिंता खोटी नव्हती, हे मी आरंभीच मान्य करतो. त्यावर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, आणि त्यांतला एक नियम असा होता की यापुढे नवा दागिना १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचा घडवायचा नाही. म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोने आणि दहा भाग तांबे-चांदी. अपेक्षा अशी होती की असे सोने लोकांना आवडणार नाही, मागणी उतरेल आणि तस्करी आपोआप थांबेल.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. संक्रांत नुकतीच झाली होती. जुन्या राजवाड्यामागे राहणाऱ्या एक काकू आपल्या आईच्या झिजलेल्या पाटल्या रुमालात बांधून आल्या. त्यांच्या मुलीचे लग्न फाल्गुनात होते आणि तिला ठुशी करायची होती. आजोबांनी पाटल्या कसोटीवर घासल्या, वजन केले आणि रुमालात परत बांधून त्यांच्यापुढे सरकवल्या. “काकू, सोने बावीसचे आहे. याची ठुशी मी आता केली तर गुन्हा होतो. यात भेसळ करून चौदाचे करू का?” काकूंना ते काही कळेना. त्या पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होत्या, “अहो दादा, सोने माझ्या आईचे आहे, विकत घेतलेले नाही.” आजोबांकडे याला उत्तर नव्हते. रात्री जेवताना ते वडिलांना म्हणाले, “ठुशीचा मणी चौदाच्या पत्र्याचा ठोकून बघ म्हणावे एकदा. कडेला चिरतो.”

महिन्याभरात त्यांचे दोन कारागीर गेले. एक गिरणीत बदली कामगार म्हणून लागला आणि दुसरा गावी परतला. देशभरात लाखो सोनारांची हीच गत झाली, आणि काहींनी जीव दिल्याच्या बातम्या त्या काळच्या वर्तमानपत्रांत येत असत. पुढे सवलती मिळाल्या आणि १९६६ मध्ये चौदा कॅरेटची अट उठली. पण १९६८ च्या कायद्याने सोनाराला प्रमाणपत्र आले, नोंदवही आली आणि जवळ बाळगायच्या सोन्याला १०० ग्रॅमची मर्यादा आली. कसोटी कशी वाचावी हे ज्याला ठाऊक नव्हते असा एक निरीक्षक दुकानात येऊन आजोबांची वही तपासत बसलेला मी पाहिला आहे. त्या गृहस्थांबद्दल माझ्या मनात राग नाही, कारण ते नेमून दिलेले काम करत होते. माझी तक्रार त्या कामाबद्दलच आहे. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. दरम्यानच्या सत्तावीस वर्षांत लोकांची सोन्याची हौस कमी झाली नाही आणि अरबी समुद्रातून येणारे चोरटे सोनेही थांबले नाही. थांबली होती ती आजोबांची बागेसरी.

मला या गोष्टीत जे दिसते ते असे. दिल्लीत नियम लिहिणारे मूर्ख नव्हते आणि दुष्टही नव्हते. परंतु ठुशीला कोणता पत्रा चालतो, पाटल्यांत एखाद्या बाईचे काय गुंतलेले असते, अडीअडचणीला गहाण टाकायला चौदाचे सोने का चालत नाही, या गोष्टी त्यांना माहीत नव्हत्या, आणि त्या त्यांना कधी कळूही शकल्या नसत्या. अर्थशास्त्रज्ञ फ्रिड्रिक हायेक यांनी १९४५ मधल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच मांडले आहे की समाजातले बहुतेक उपयोगी ज्ञान कोणत्याही एका ठिकाणी गोळा होत नाही. ते माणसामाणसांच्या हातांत विखुरलेले असते आणि बाजारातला भाव हा त्याचा निरोप्या असतो. हायेक यांना १९७४ मध्ये नोबेल मिळाले. मी त्यांना वाचले ते चाळिशीत, आणि वाचताना मला आजोबांचा तो चिरलेला मणी आठवत राहिला.

सराफ्याचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक सांगतो. रात्री दुकाने बंद झाली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि तळलेले गराडू कंद मांडले जातात. ही व्यवस्था कोणत्या योजनेत आखली होती? जुने लोक सांगतात की रात्रभर वर्दळ राहिली तर चोरांची भीती नाही, म्हणून सराफांनीच खाद्यवाल्यांना ओटे वापरू दिले. सराफाला राखण मिळाली, खाद्यवाल्याला जागा मिळाली आणि आपल्या शहराला रात्रीचे जेवण मिळाले. ज्यांना मुक्त बाजार म्हणजे अनागोंदी वाटते त्यांनी रात्री अकराला तिथे जाऊन शिस्त पाहावी.

हा विचार परदेशातून आणलेला आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो; पण तो आपल्याकडेही जुनाच आहे. १९५५ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा तपासायला नेमलेल्या अर्थतज्ज्ञांत प्राध्यापक बी. आर. शेणॉय यांनी एकट्याने भिन्नमत नोंदवले, आणि तुटीच्या अर्थभरण्यावर, म्हणजे नोटा छापून भागवलेल्या खर्चावर, उभी केलेली एवढी मोठी योजना महागाई आणि नियंत्रणे घेऊन येईल, असे बजावले. १९५९ मध्ये राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, स्वतंत्र पक्ष काढला. ‘परमिट-लायसन्स राज’ हे शब्द त्यांनीच रूढ केले, आणि १९६७ च्या लोकसभेत त्या पक्षाचे ४४ खासदार होते. आपल्या मराठीत शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८० च्या आसपास चाकणच्या कांदा उत्पादकांना घेऊन जे आंदोलन उभे केले, त्याचा गाभा हाच होता की शेतकऱ्याला सरकारने काही देऊ नये, फक्त त्याच्या मालाचा भाव पाडू नये.

आणि हे सारे जुने झाले असे कोणी समजू नये. आपल्या माळव्यात लसूण ही भाजी आहे की मसाला, या प्रश्नावर नऊ वर्षे कागद हलत होते. मध्यप्रदेशच्या १९७२ च्या मंडी कायद्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारांच्या कायद्यात, लसूण मसाल्यांत बसवलेला होता. २०१५ मध्ये मंडी मंडळाने शेतकऱ्यांच्या मागणीवरून तो भाजीत घातला आणि थोड्याच दिवसांत तो निर्णय फिरवला गेला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठापुढे गेले, २०१७ मध्ये एक निकाल झाला, त्यावर पुन्हा वाद झाला, आणि २०२४ मध्ये न्यायालयाने लसूण नाशवंत म्हणून भाजी ठरवून तो भाजी आणि मसाला अशा दोन्ही बाजारांत विकण्याची मोकळीक दिली. न्यायालयापुढे प्रश्न आला तसा त्यांनी सोडवला. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे : स्वतःच्या शेतातला लसूण कोणत्या फाटकातून आत न्यावा, हे ठरवण्याचा अधिकार मंदसौरच्या शेतकऱ्याकडून काढून कायद्याच्या परिशिष्टाकडे दिलाच का?

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे आणि सात मिनिटे उरली आहेत, त्यामुळे उरलेले दोन प्रश्न मला भराभर घ्यावे लागतील.

शासनाने काय करावे? जीवित आणि मालमत्तेचे रक्षण, करार मोडणाऱ्याला लवकर शिक्षा, खरी वजने-मापे, साथीच्या रोगांचा बंदोबस्त, नदीत विष सोडणाऱ्याकडून भरपाई. ही कामे मी शासनाकडून काढून घ्यायला सांगत नाही. ती नीट व्हावीत म्हणूनच त्याने दागिने आणि लसूण सोडावेत, असे माझे म्हणणे आहे. इथे अहिल्याबाई होळकरांचा दाखला मला हमखास दिला जातो की त्यांनी देशभर घाट आणि मंदिरे बांधली, मग शासन मर्यादित कसे? त्यांची दानधर्माची कामे मुख्यतः खासगीच्या, म्हणजे होळकर घराण्याच्या स्वतःच्या, उत्पन्नातून होत, आणि खासगी व दौलत (राज्याचा खजिना) यांचे हिशेब वेगळे ठेवले जात. राज्यकर्त्याची थैली आणि रयतेचा खजिना यांत भिंत असावी, हे या भूमीत कोणाला नव्याने शिकवावे लागू नये.

आणि शासनाने सोडले ते बाजार सांभाळेल, तर गरिबाचे काय? नियंत्रणांचा पहिला घाव गरिबावरच पडतो, कारण परवाना मिळवण्याची ऐपत मोठ्याकडे असते. १९५१ च्या उद्योग कायद्याखाली प्रस्थापितांनी परवाने अडवून ठेवले, आणि २४ जुलै १९९१ च्या धोरणाने १८ उद्योग वगळता परवाना पद्धत उठवली तेव्हा कुरकुरणाऱ्यांत बडे उद्योगपतीही होते. म्हणून मुक्त बाजाराचा पक्ष हा व्यापाऱ्यांचा पक्ष नव्हे. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच व्यापाऱ्यांच्या संगनमताविषयी सावध केले होते. २००० साली मध्यप्रदेशच्या खेड्यांत आयटीसी कंपनीच्या ई-चौपाल योजनेच्या संगणकावर सोयाबीनचे भाव दिसू लागले आणि शेतकऱ्याला मंडीबाहेर दुसरा गिऱ्हाईक मिळाला, त्यात त्याचे भले झाले. उलट डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे, म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला पुरे करायचे सौदे, थांबवले गेले, तेव्हा पुढच्या भावाचा अंदाज घ्यायचे साधन आपल्या शेतकऱ्याच्या हातून गेले.

शेवटचा मुद्दा हॉलमार्कचा, कारण तो प्रश्नोत्तरांत येणारच. शुद्धता किती आहे ते सांगणे आणि शुद्धता किती असावी याची आज्ञा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००० साली सोन्याचा हॉलमार्क सुरू झाला तो ऐच्छिक होता आणि मला तो तसाच पसंत होता. २०२१ पासून तो सक्तीचा झाला, तरीही ठरवून दिलेल्या कसांपैकी कोणत्या कसाचा दागिना घ्यावा ही निवड आजही गिऱ्हाइकाकडे आहे. माझ्या नातीने मागच्या दिवाळीत स्वतःच्या पगारातून १४ कॅरेटची अंगठी घेतली. तिला हलकी आणि टणक अंगठी हवी होती, कारण ती दिवसभर संगणकावर काम करते. काल रात्री तिची अंगठी आणि माझ्या आजीची पाटली मी या दगडावर शेजारी शेजारी घासली आहे. डावीकडची तांबूस रेघ अंगठीची आहे. कसोटी मी टेबलावर ठेवतो, चहाच्या वेळी ज्यांना पाहायची असेल त्यांनी ती दाराजवळच्या उजेडात नेऊन पाहावी.